गिऱ्हाईक नको असलेलं दुकान

शनिवार, 20 नोव्हेंबर 1920. डब्लिनच्या अपर ॲबी स्ट्रीटवर ‘जॉर्ज मोरलँड’ अशी पाटी दिसते आणि तुम्ही आत शिरता. सुतारकामाचं दुकान, लाकडाच्या भुशाचा वास. तुम्हाला एक टेबल करून हवंय. एप्रन बांधलेला पोरगा पुढे येतो, माप विचारतो आणि तारीख अशी लांबची सांगतो की तुम्ही नाद सोडावा. एप्रनखाली कमरेशी फुगवटा दिसतो. ती पटाशी नव्हे. पॉइंट फोर-फाइव्हचं रिव्हॉल्वर आहे.

एवढं जड कशाला? गेल्या वर्षी जुलैत ड्रमकाँड्रामध्ये या दुकानातल्या पोरांनी पहिला माणूस गाठला, डब्लिन पोलिसांचा डिटेक्टिव्ह सार्जंट स्मिथ. तेव्हा हातात होती पॉइंट थ्री-एट. गोळ्या लागूनही गडी घराच्या दिशेने पळतच राहिला आणि गेला तो पाच-सहा आठवड्यांनी. हत्यार बदललं ते तेव्हा.

दुकान हा नुसता बुरखा. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश बंडखोरांचा हेरप्रमुख मायकेल कॉलिन्स, त्याचं हे ‘स्क्वॉड’, बारा प्रेषित म्हणून ओळखलं जाणारं. आठवड्याला साडेचार पौंड पगार. पगारावर माणसं मारणं तुम्हाला खटकेल, मलाही खटकतं. त्यांचं म्हणणं, आम्ही सैनिक, आणि पगार कुठल्या सैनिकाला नसतो?

कामाची तऱ्हा बघायची तर त्यांच्यामागे रस्त्यावर चला. दहा-पंधरा यार्ड पुढे कॉलिन्सच्या हेरखात्याचा माणूस, मागे हे दोघे-तिघे. दिवसभर वणवण, दुपारचं जेवण बुडालेलं. कित्येकदा सावज फिरकतच नाही. आलंच, तर पुढचा माणूस टोपी काढून त्याला अदबीने अभिवादन करतो. ओळखदेख काही नसते. हा कोण बुवा, असं त्या बिचाऱ्याला वाटेपर्यंत मागच्यांना खूण पोचलेली असते. मला गोळीपेक्षा त्या टोपीचीच जास्त भीती वाटते.

या पोरांतला व्हिनी बर्न कॅबिनेटचं काम खरंच शिकलेला. 1916च्या ब्रिटिशविरोधी बंडात उतरला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. उद्या सकाळी नऊला शहरभर ब्रिटिश हेरांच्या बिऱ्हाडांवर एकाच वेळी धाडी पडतील. 38, अपर माउंट स्ट्रीटला मोलकरीण दार उघडेल. दोन अधिकाऱ्यांना भिंतीशी उभं केलं जाईल. देव यांच्या आत्म्यांवर दया करो, असं मनात म्हणून बर्न माउझरचा चाप ओढेल.

तुम्ही टेबलाविनाच बाहेर पडता. हात खिशात जातो, तिथे उद्याच्या सामन्याचं तिकीट आहे: डब्लिन विरुद्ध टिपेररी, क्रोक पार्क. सकाळच्या धाडींनंतर दुपारी पोलीस त्या मैदानात घुसून गोळीबार करतील. 14 जणांचा जीव जाईल, त्यात टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन.

तिकीट इथेच फाडून टाका.