गाव सुटलं की बीपी का वाढतो

गटाच्या बैठकीत दंडाला पट्टा बांधायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता वय झालं, बीपी येणारच." तेव्हा शेजारची म्हणते, "टेन्शन, दुसरं काय!" आज थोडा इतिहास सांगतो, म्हणजे यातलं खरं किती ते तुम्हीच ठरवाल.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीतल्या रिवा-रोची या डॉक्टरांनी १८९६ साली बनवलं. पुढं १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी नळीतून आवाज ऐकून वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे घ्यायची रीत दिली. त्यानंतर जगभरचे डॉक्टर मोजायला लागले.

अशाच एका इंग्रज डॉक्टरांनी, डॉनिसन त्यांचं नाव, १९२९ साली आफ्रिकेतल्या केनियाची हकीकत छापली. व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडच्या खेड्यांमध्ये त्यांनी सुमारे हजार जणांचा बीपी मोजला. चाळिशीनंतर तो वाढण्याऐवजी उलट थोडा उतरलेला दिसला. दोन वर्षांत दवाखान्यात सुमारे अठराशे रुग्ण दाखल झाले, त्यात उच्च रक्तदाबाचा एकही नव्हता! त्या काळी खेड्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवत होतं, म्हणजे वयाचा हिशेब अंदाजाचाच असणार. पण वय झालं की बीपी येणारच, हे वाक्य तिथं लागू पडत नव्हतं एवढं नक्की.

मग साठ वर्षांनी त्याच पश्चिम केनियातली लुओ समाजाची तरुण माणसं कामधंद्यासाठी नैरोबीला जायला लागली होती. पौल्टर आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी शहरात गेलेल्यांची आणि गावात राहिलेल्यांची दोन वर्षं पुन्हा पुन्हा तपासणी केली. १९९० साली ते प्रसिद्ध झालं. समाज तोच, वयही साधारण तेच. तरी शहरात गेलेल्यांचा बीपी पहिल्या काही महिन्यांतच वर सरकला होता. म्हातारपणाची वाट त्यानं बघितलीच नाही.

कारण काय? लघवी तपासली तेव्हा शहरवाल्यांमध्ये सोडियम, म्हणजे मिठातला अंश, जास्त निघाला आणि पोटॅशियम कमी. पोटॅशियम मिळतं पालेभाजी, केळी, रताळी, डाळी-कडधान्यांतून. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम ते मीठ लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं. शहरात एक वाढलं, दुसरं घटलं. त्यांची नाडीही जलद चालत होती, म्हणजे जिवाची धावपळ त्यात आहेच. टेन्शन म्हणणारी मैत्रीण अगदीच चुकीची नाही. पण टेन्शनचं नाव घेतलं की ताटाकडं कुणी बघत नाही, हे आम्हाला खटकतं.

प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवरही असंच दिसलं. १९६६ च्या वादळानंतर तिथली बरीच कुटुंबं न्यूझीलंडला वसवली गेली. बेटावर राहिलेल्यांपेक्षा त्यांचं वजन वाढलं आणि बीपीही.

आता आपल्याकडं या. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेलं जोडपं फडावर काय खातं? भाकरी, ठेचा, लोणचं. भाजी बाजाराच्या दिवशी मिळाली तर. मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा वडापाव, फरसाण, नूडल्सवर दिवस काढतो. परसातला शेवगा, चाकवत, अंबाडी मागं राहते. बीपी वाढला तरी बहुतेकांना काही कळत नाही, डोकंही दुखत नाही. म्हणून जाताना एकदा आणि परतल्यावर एकदा उपकेंद्रात मोजून घ्या. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवा. गोळी चालू असेल तर गाव बदललं म्हणून ती सोडू नका, चिठ्ठी सोबत न्या.

माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलोच्या आत, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणातलं मीठही आलं. तुमच्या घरात पुडा किती दिवस पुरतो, ते पुढच्या बैठकीला लिहून आणा.