डोरा आणि डोळा

मंडळी, काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कुहीकडचा एक मुलगा होता. मुलगा हुशार. वहीत सगळे बरोबर लिहायचा, पण प्रश्न विचारला की उभा राहून नुसता खाली पाहायचा. एकदा तास संपल्यावर मी त्याला थांबवून कारण विचारले. तेव्हा म्हणाला, "सर, मले बोलताच येत नाई. मी डोरा म्हनलो का पोट्टे हासतेत."

त्याला डोळा म्हणायचे होते. त्याच्या घरी आई, आजी, शेजारीपाजारी सारे डोराच म्हणतात. थोडे पश्चिमेला, वऱ्हाडाकडे गेलात तर तोच डोळा 'डोया' होतो. ज्या बोलीत हा मुलगा रडायला, मागायला, भांडायला शिकला, तिच्याविषयी तो म्हणत होता की मला बोलताच येत नाही! म्हणजे स्वतःकडे पाहण्याची त्याची नजर त्याची स्वतःची राहिली नव्हती. ती त्याने हसणाऱ्यांकडून उसनी घेतली होती. ही नजर आली कुठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि आज मला त्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे. पाच नद्यांचा संगम म्हणून ते ओळखले जाते. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ साली, 'विवेकसिंधु' हा ग्रंथ इथेच रचला अशी या भागाची श्रद्धा आहे. ग्रंथात वैन्यागंगेच्या काठच्या नगरीचा उल्लेख येतो, त्याकडे अंभोऱ्याचा पक्ष घेणारे बोट दाखवतात. दुसरीकडे मुकुंदराजांची समाधी मराठवाड्यात अंबाजोगाईला आहे आणि ग्रंथ तिथलाच असे मानणारे अभ्यासकही आहेत. तो वाद मी इथे सोडवीत बसत नाही. एका कवीवर दोन गावांनी हक्क सांगावा, यात भांडण असले तरी प्रेमही आहे.

पण जिथे वाद नाही, असेही उदाहरण आपल्याजवळ आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. २०२४ साली केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि राज्याचे मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच आहे. आता तुम्हीच सांगा, ज्या प्रदेशात मराठी गद्य जन्मले, त्याच प्रदेशातल्या मुलाला मराठी बोलण्याची लाज का वाटावी?

याचे कारण त्या मुलाच्या जिभेत नाही, राज्यकारभारात आहे. इंग्रजी अमदानीत मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली मुंबईत निघाला. पुढे मेजर कँडीच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तके तयार झाली. हे काम मुंबई इलाख्यातले होते. त्यात पुण्याकडच्या शिष्टांची भाषा प्रमाण धरली गेली. त्या वेळी नागपूरला भोसल्यांचे राज्य होते. ते खालसा झाल्यावर १८६१ पासून आपण मध्यप्रांतात गेलो. तिथे हिंदी आणि मराठी शेजारी नांदल्या, एकीचे शब्द दुसरीत मिसळले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. साचा आधीच ठरलेला होता आणि आपण त्यात मागाहून बसलो. मग जे साच्यात बसले नाही, त्याला अशुद्ध हे नाव पडले.

खरे म्हणजे 'ळ' च्या जागी 'र' येणे किंवा 'पाणी' चे 'पानी' होणे ही चूक नव्हे, तो त्या बोलीचा नियम आहे. चूक कधी होते, कधी होत नाही; नियम मात्र दरवेळी पाळला जातो. ग्रियर्सन यांनी भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची नोंद भाषा म्हणून झाली आहे, बिघाड म्हणून नाही.

इथपर्यंत ऐकून आपल्याला बरे वाटले असेल. आपली बाजू कुणी मांडली की कुणालाही बरे वाटते. पण आता थोडे आपल्याच घरात पाहू.

एखाद्याला अडाणी म्हणायचे असले, की आपल्याकडे काही तोंडांतून पटकन शब्द निघतो, "अगदीच गोंड आहे!" हे म्हणणारा माणूस बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला नागपूरला जातो. ते नागपूर वसवले कुणी? देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या एकत्र करून त्याने शहराचा पाया घातला. चहूकडून शेतकरी आणि कारागीर बोलावून त्याने आपल्या मुलखात वसवले. तो औरंगजेबाच्या दरबारात गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, तरी गोंडांचा राजा तो राहिलाच. त्याचा वारस चांदसुलतान वारल्यावर घरात गादीचा तंटा झाला. मदतीला आलेले रघूजी भोसले इथेच राहिले आणि १७४३ साली नागपूर त्यांची राजधानी झाली. भोसल्यांचे नाव आपल्या मुलांना पाठ असते. बख्त बुलंदाचे किती जणांना ठाऊक असते?

गोंडी ही मराठीची बिघडलेली बहीण नव्हे. ती द्राविडी कुळातली भाषा, तेलुगू आणि तमिळ यांच्या गोतातली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३० लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. ती बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा एका बोलीतून प्रमाण भाषेत येत नाही, तर एका भाषेतून सर्वस्वी दुसऱ्या भाषेत येते. आणि 'डोरा' म्हणून ज्याला हसले गेले, तेच पोर मधल्या सुट्टीत या गोंड मुलाला हसते. हसणे असे वरून खाली उतरत जाते. ज्याला ते लागले, तो ते थांबवीत नाही, पुढच्याच्या अंगावर ढकलतो.

कुही तालुक्यातच अडम नावाचे गाव आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून सातवाहनांच्या काळापर्यंतच्या वस्त्यांचे थर एकावर एक सापडले. वरच्या थराने खालच्या थराला "तू इथला नाहीस" म्हणावे, असे ते आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण कुणाच्या तरी वस्तीवर घर बांधून राहिला आहे.

आता काही जण विचारतील, मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची, चांगली कसून शिकवायची. अर्ज, परीक्षा, कचेरी, वर्तमानपत्र, सगळीकडे तिची गरज आहे आणि ती न देणे हा गरिबाच्या मुलावर अन्याय होईल. पण 'डोळा' शिकवण्यासाठी 'डोरा' पुसायला नको. अंगात नवा सदरा घालताना कुणी कातडे काढीत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणूनच माझी एक साधी विनंती आहे. महिन्यातून एक दिवस मुलांना घरून आजी-आजोबांचे पाच-पाच शब्द आणायला सांगा. फळ्यावर रकाने आखा. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. वर्गात गोंडी बोलणारे मूल असेल तर तिसरा रकाना आखा आणि तो त्यालाच भरू द्या, कारण तिथे गुरुजींनाही त्याच्याकडून शिकावे लागेल. याला पैसा लागत नाही आणि वरून हुकूम यावा लागत नाही.

आणि पालकांनो, संध्याकाळी ओट्यावर बसून मुलांशी आपल्याच बोलीत बोला, चोरून नव्हे, मोकळेपणाने. मात्र त्याच ओट्यावर कुणाच्या जातीचे किंवा जमातीचे नाव शिवीसारखे निघाले, तर तिथल्या तिथे अडवा. मुले आपल्याकडून बोली शिकतात आणि नजरही शिकतात.

फळ्यावरचा पहिला शब्द विचारताना हात वर करणाऱ्या मुलाला विचारू नका. वर्गात जे सगळ्यांत गप्प बसते, त्याला विचारा.