हातानें कल्पिलेलें भविष्य

येणाऱ्या काळाचा विचार करण्याचें काम समाज बहुधा दोन प्रकारच्या माणसांवर सोंपवितो. काय शक्य आहे तें शास्त्रज्ञ सांगतो. काय इष्ट आहे तें कवि किंवा चित्रकार सांगतो. दोघे निरनिराळ्या खोल्यांत बसून बोलतात, आणि प्रत्यक्ष वस्तु ज्याच्या हातून घडावयाची तो सुतार, लोहार किंवा विणकर तिसऱ्याच ठिकाणीं उभा असतो. त्याला कोणी विचारीत नाहीं. ह्या तिघांना एका छपराखालीं आणावें आणि त्यांच्याकडून भविष्याची कल्पना नुसत्या कागदावर नव्हे, तर लांकूड, लोखंड, कांच व सूत ह्यांत करवावी, असा एक धाडसी प्रयोग १९१९ ते १९३३ ह्या काळांत जर्मनींत झाला. बाउहाउस हें त्याचें नांव. तेथील खुर्च्या व दिवे आज पदार्थसंग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. अशा कर्मशाळेकडून आपण कशाची अपेक्षा करावी, आणि कशाची करूं नये?

पहिलें महायुद्ध संपून जेमतेम पांच महिने झाले होते. एप्रिल १९१९ मध्यें वायमार शहरीं वाल्टर ग्रोपियस ह्या स्थापत्यविशारदानें तेथील कलाशाळा व हस्तव्यवसायशाळा एकत्र करून ही संस्था काढली. प्रत्येक कर्मशाळेस दोन गुरु असत. एक आकाराचा, दुसरा कामाचा. क्ले व कांडिन्स्की यांच्यासारखे चित्रकार आकाराचा विचार शिकवीत, तर कसबी कारागीर हत्यार धरावयास शिकवी. दोन गुरु नेमण्याचें कारण साधें होतें: दोन्ही विद्या ज्याच्या अंगीं आहेत असा शिक्षक मिळेचना. सहा वर्षांनीं, १९२५ मध्यें, संस्था देसाउ येथें गेली. तेव्हां तिच्यांतच शिकून तयार झालेल्या कांहीं तरुणांना शिक्षक नेमण्यांत आलें, आणि दोन गुरूंची ही व्यवस्था मागें पडली. एवढ्या थोड्या अवधींत नव्या प्रकारचा शिक्षक निर्माण करणें हें आमच्या मतें संस्थेचें सर्वांत मोठें कार्य होय.

१९२३ च्या प्रदर्शनांत ग्रोपियसनें कला व यंत्रविद्या ह्यांच्या नव्या ऐक्याची घोषणा केली. परंतु घोषणा पुढें धांवली आणि साधनें मागें राहिलीं. पुढच्याच वर्षीं विल्हेल्म वागेनफेल्ड हा तरुण आपल्या धातुशाळेंतील दिवे घेऊन लाइपझिगच्या व्यापारी जत्रेस गेला, तेव्हां व्यापारी त्याला हंसले. दिवा दिसे यंत्रावर केलेल्या स्वस्त मालासारखा. प्रत्यक्षांत तो हातानें घडविलेला, आणि म्हणूनच महाग! ही फजिती आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. यंत्रयुगांतील घर कसें दिसेल हें त्या तरुणांनीं हातोडीनें व कानशीनें आधीं करून पाहिलें होतें. लौकरच मार्सेल ब्रॉयरनें सायकलच्या वांकविलेल्या नळीवरून सूचना घेऊन पोलादी नळ्यांची खुर्ची केली, आणि कल्पना व साधन ह्यांतील अंतर बरेंच कमी झालें.

पण ह्या कर्मशाळेचें दार सर्वांस सारखें उघडें होतें काय? आरंभीं स्त्रीपुरुषांत भेद केला जाणार नाहीं असें आश्वासन होतें, आणि पहिल्या सत्रांत विद्यार्थिनींची संख्या विद्यार्थ्यांहून थोडी अधिकच भरली. तेव्हां चालक गडबडले. वर्षभरांतच विद्यार्थिनींच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याची भाषा सुरू झाली, आणि आलेल्यांस बहुधा विणकामाकडे वळविण्यांत येऊं लागलें. भविष्याचें चित्र काढणाऱ्यांनीं त्यांत स्त्रीची जागा मात्र भूतकाळांतून उचलली.

आनी आल्बर्स हिला कांचकाम करावयाचें होतें. तिच्या वांट्यास माग आला. त्या मागावर तिनें काय केलें तें पहा. बेर्नाउ येथील कामगार-संघांच्या विद्यालयांतील सभागृहांत आवाज घुमूं नये आणि प्रकाश मात्र वाढावा अशी अडचण होती. तिनें भिंतीस लावावयाचें एक कापड विणलें: मागच्या बाजूस आवाज शोषून घेणारें लवदार सूत, पुढच्या बाजूस उजेड परतविणारा सेलोफेन. त्सायस-इकॉन ह्या प्रसिद्ध कारखान्यांत त्याच्या प्रकाशगुणांची परीक्षा झाली, आणि ह्याच कामावर १९३० मध्यें तिला पदविका मिळाली. ध्वनिशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि विणकामाची जुनी कला ह्या तिन्हींचा असा जिवंत संगम संस्थेच्या इतर कोणत्या कामांत दाखवितां येईल अशी आम्हांस शंकाच आहे. जें दालन चालकांनीं दुय्यम मानलें, त्यांतच त्यांची प्रतिज्ञा पुरी झाली.

येथपर्यंतची कथा उत्साहवर्धक आहे. पुढची तशी नाहीं. नाझी पक्षाच्या विरोधामुळें १९३२ मध्यें देसाउ सोडावें लागलें, आणि १९३३ च्या एप्रिलमध्यें पोलिसांनीं बर्लिन येथील इमारतीस टाळें ठोकलें. जुलैंत शिक्षकांनींच संस्था विसर्जित केली. त्यानंतर दोन माजी विद्यार्थ्यांचे मार्ग कोठें गेले तें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. फ्रिट्झ एर्ट्ल हा देसाउचा विद्यार्थी. आउश्विट्झच्या छळछावणीच्या बांधकाम-कचेरींत बसून त्यानें तिच्या विस्ताराचे नकाशे केले. फ्रीडल डिकर ही वायमारची विद्यार्थिनी. तेरेझीनच्या बंदिवासांत तिनें ज्यू मुलांना चित्रकला शिकविली, त्यांचीं सुमारें ४,५०० चित्रें दोन पेट्यांत भरून मागें ठेविलीं, आणि ऑक्टोबर १९४४ मध्यें त्याच आउश्विट्झमध्यें ती मारली गेली.

एकाच शाळेंतून निघालेले हे दोन हात. ह्यावरून आम्हीं घेतलेला बोध असा कीं, कला, शास्त्र व कसब ह्यांचा संयोग भविष्य शक्य करून दाखवितो. तें चांगलें असेल अशी हमी तो देत नाहीं. ती हमी कर्मशाळेच्या बाहेर, नागरिकाच्या विवेकांत शोधावी लागते. म्हणून कर्मशाळा निरर्थक ठरते काय? मुळींच नाहीं. कल्पिलेली वस्तु हातांत घेऊन फिरवून पाहिल्यावांचून ती कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या मुळावर येणारी, हें पुष्कळदां कळतच नाहीं. मात्र तो प्रश्न विचारणारा कोणी तरी त्या बांकापाशीं उभा असला पाहिजे.

हा वारसा आपल्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे. बाउहाउसच्याच मॅक्स बिल ह्या विद्यार्थ्यानें पुढें जर्मनींत उल्म येथील शाळेचें पहिलें प्रमुखपद भूषविलें. त्या शाळेंत शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनीं १९६९ मध्यें मुंबईस पवईच्या तंत्रविद्यालयांत औद्योगिक अभिकल्पाचें केंद्र उभें केलें. परंतु एका केंद्रानें आपली जुनी खोड जाणार नाहीं. लिहिणारा हात वरचा आणि घडविणारा हात खालचा ही समजूत आम्हां पांढरपेशांच्या घरांत अद्याप मुरलेली आहे. आमच्या वर्गांत दरवर्षीं बुद्धिमान मुलें-मुलीं येतात; त्यांतील अनेकांनीं पटाशी किंवा धोटा कधीं हातांत धरलेला नसतो. तीं भविष्याविषयीं निबंध मात्र उत्तम लिहितात.