शिवडीचा जुळणी-कारखाना आणि वऱ्हाडचा पैसा

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा मागोवा घेऊ लागले असता एक ठिकाण वारंवार समोर येते, आणि ते वऱ्हाडात नसून मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत दाबून बांधलेली ३९२ पौंडांची गाठ रेल्वेने मुंबईस जाई, ती पूर्वी कुलाब्याच्या कापूस-मैदानात उतरत असे; पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्ट ट्रस्टने खाडीत भर घालून मिळविलेल्या जमिनीवर शिवडीस कापसाची नवी वखार उभारली, आणि कॉटन ग्रीन हे नावही गाठींबरोबर तिकडेच गेले. त्याच शिवडीत १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोटारी जुळविण्याचा कारखाना थाटला, आणि ४ डिसेंबर १९२८ रोजी त्यातून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. वऱ्हाडची पांढरी गाठ ज्या मुलखात उतरे, त्याच मुलखातून वऱ्हाडच्या रस्त्यांवर धावणारी मोटार तयार होऊन निघू लागली. या योगायोगाची नोंद आपल्या अकोला जिल्ह्याच्या इतिहासाने घ्यावयास हवी होती असे मला मनापासून वाटते.

परदेशी कंपन्यांना हा खटाटोप करावासा का वाटला, याचे उत्तर जहाजाच्या भाड्यात आहे. सबंध मोटार जहाजावर चढविली तर ती आपल्या वजनाच्या मानाने फार जागा अडविते. तीच सुटी करून खोक्यांत भरली, तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक गाड्या येतात. खोकी फोडली, की आधी लोखंडी सांगाडा घोड्यांवर आडवा ठेवावयाचा, त्याला कमानी आणि आस बोल्टांनी कसावयाचे, साखळी-कप्पीने इंजिन उचलून हलकेच त्याच्या जागी बसवावयाचे, मग चाके, सुकाणू, रंग आणि गादीकाम, असा क्रम असे. कौशल्य लागे ते हाताचे आणि नजरेचे. धातू ओतण्याचे, इंजिन घडविण्याचे आणि नकाशे आखण्याचे ज्ञान मात्र समुद्रापलीकडेच राही. फोर्डनेही १९२६ साली हिंदुस्थानात आपली कंपनी स्थापन केली होती, परंतु ती डेट्रॉइटची नव्हे तर कॅनडातील फोर्डची शाखा होती, कारण ब्रिटन आणि आयर्लंड वगळता बहुतेक ब्रिटिश साम्राज्याचा मक्ता १९०४ पासून कॅनडाच्या कंपनीकडे होता. आणि १९३२ च्या ओटावा करारानंतर साम्राज्यातील मालास जकातीची सवलत मिळू लागल्यावर ही व्यवस्था अधिकच फायद्याची ठरली.

वऱ्हाडात मोटारीला गिऱ्हाईक होते, कारण तेथे गरज होती. मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून जात असला, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे अरुंदमार्गी शकुंतला रेल्वे धावत असली, तरी अकोल्याहून अकोट किंवा वाशीम गाठावयाचे तर त्या काळी थेट रेल्वे नव्हती, आणि पावसाळ्यात काळ्या कसदार जमिनीत बंडीची चाके तुंब्यापर्यंत रुतत. मालवाहू मोटारीचा केवळ सांगाडा इंजिनासह विकत मिळे. त्यावर लाकडी पेटी चढविणे हे येथल्या सुताराचे आणि लोहाराचे काम. कापसाला भाव असला की अशा गाड्यांच्या खरेदीस पैसा निघे, आणि १९२९ नंतरच्या मंदीत भाव कोसळले तेव्हा तो आटला. शेतकऱ्याच्या सरकीतून निघालेला हा पैसा शिवडीमार्गे परदेशी जात होता, आणि बदल्यात देशाला गाडी मिळत होती, पण गाडी घडविण्याची विद्या मिळत नव्हती, हे या धंद्याचे खरे स्वरूप होय.

ते ओळखणारे लोक त्या काळीही होते. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईत मोटारींचा स्वदेशी कारखाना काढण्याची योजना मांडली, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. १९४० साली क्रायस्लरशी करार झाला. परंतु युद्धकाळी हा उद्योग युद्धोपयोगी मानण्यास सरकारने नकार दिला, त्यामुळे प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना व्हावयास १९४४ आणि कुर्ल्यास पहिली गाडी निघावयास १९४७ उजाडले. आरंभी तीही जुळणीच होती. फरक इतकाच की कुर्ल्याचा हेतू पुढे भाग स्वतः घडविण्याचा होता.

स्वातंत्र्यानंतर हाच हेतू कसोटी ठरला. १९४९ मध्ये तयार मोटारींची आयात बंद झाली, आणि १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की ज्यांच्याकडे देशात भाग निर्माण करण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी ती अट पत्करण्याऐवजी आपला कारभार आवरला, आणि १९५४ मध्ये शिवडीच्या कारखान्याचा इतिहास संपला. हा निर्णय कठोर होता, आणि पुढे ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळत राहावे लागले हेही खरे; तरीही पंचवीस वर्षे खोकी फोडून ज्यांनी इंजिनाचा एक भागही येथे ओतला नाही, त्यांना ती अट घालणे अन्यायाचे होते असे मला म्हणवत नाही.

जनरल मोटर्स पुढे परत आली, २००८ मध्ये तळेगावास कारखाना काढला, आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादनही थांबविले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यास २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. अकोल्याहून तो कारखाना शिवडीपेक्षा कितीतरी जवळ आहे.

परंतु त्या पहिल्या पिढीतील मिस्त्री, ज्यांनी शेव्हरोले आणि फोर्डच्या सांगाड्यांवर अकोला, अकोट, वाशीम येथे पेट्या चढविल्या आणि ज्यांच्या गॅरेजांत पुढल्या कारागिरांनी हात तयार केला, त्यांच्याविषयी एकही छापील ओळ माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या घरी त्या काळच्या जुन्या वह्या, पावत्या, गाड्यांचे परवाने किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जिल्ह्याच्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे.