करडई गेली, घाणा गेला

लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाताना अलीकडे 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. घरातल्या माणसांच्या पोटात चांगले जावे, म्हणून लोक चार पैसे जास्त मोजून हे तेल नेतात. भावना योग्यच आहे. पण हे तेल आपल्या घरातून गेले कसे, हेही एकदा समजून घेतले पाहिजे.

मराठवाड्यात, विशेषतः रब्बीच्या पट्ट्यात, घरचे तेल म्हटले की करडईच आठवे. काळ्या भारी जमिनीत रब्बीची ज्वारी पेरायची आणि तिच्यात करडईचे पाटे घालायचे, ही जुनी रीत. करडईचे मूळ खोल जाते, त्यामुळे जमिनीतल्या ओलीवर पीक निघते. बांधाच्या कडेला तिचे काटे गुरांना अडवतात. कोवळ्या पानांची भाजी होते. बी तेल्याकडे जायचे आणि येताना तेल व पेंड दोन्ही घरी यायचे. माझ्या आजोळी भाकरीवर चटणी आणि तिच्यावर करडईच्या कच्च्या तेलाची धार, हे रोजचे जेवण होते. त्याला कोणी 'नैसर्गिक आहार' म्हणत नव्हते.

घाण्यावरचे पहिले संकट कारखान्यातून आले. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखे घट्ट करायचे, अशी ही युक्ती. तूप परवडत नव्हते त्यांच्या लग्नकार्यातले लाडू त्यावर झाले आणि वनस्पती तुपाला डालडा हेच नाव पडले. गांधीजींचा त्याला विरोध होता. १९३४ साली वर्ध्यात त्यांच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा तेलघाणी सुधारण्याचे काम तिथे आवर्जून हाती घेतले गेले. वनस्पती तुपाची भेसळ साजूक तुपात ओळखता यावी, म्हणून त्यात तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारला करावी लागली. अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या अशा तेलात तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरते, हे विज्ञानाने पुढे दाखवले. आपल्याकडे त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आली ती मात्र २०२२ साली.

गंमत पाहा. १९६० च्या दशकात मुंबईत 'सफोला' आले आणि करडईचे तेल हृदयाच्या काळजीसाठी म्हणून विकले जाऊ लागले. नावसुद्धा करडईच्या 'सॅफ्लॉवर' या इंग्रजी नावावरून घेतलेले. खेड्यात जे साधे तेल होते, ते शहरात आरोग्याचे झाले.

तरीही घाणा खऱ्या अर्थाने संपवला तो आपल्याच शेतातल्या बदलाने. पूर्वी रब्बीची पुष्कळ जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवत. सोयाबीन आले आणि सुमारे शंभर दिवसांत त्याच रानातून खरिपाचे पीक निघू लागले. मागाहून हरभरा घेता येऊ लागला. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाऊ लागली. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, ही त्याची जमेची बाजू नाकारता येत नाही. उलट करडईला भाव बेताचा आणि काढणी जिवावरची. हाताला फडकी गुंडाळून ते काटे उपटायचे, आणि या कामाचा मोठा भार बायकांवर असायचा. त्यांना करडई नकोशी झाली, तर त्यांचे काय चुकले?

पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. करडईत सुमारे ३० टक्के तेल असते, ते घाण्यावर निघते. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्केच. ते लाकडी घाण्याचे काम नव्हे. कारखान्यात बहुधा हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल काढतात आणि मग ते रिफाइन करतात. म्हणजे पीक बदलले आणि शेत व फोडणी यांतला धागाच तुटला. शेतकरी सोयाबीन विकू लागला आणि तेलाची पिशवी दुकानातून आणू लागला. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. इंडोनेशिया, मलेशियातले पाम आणि अर्जेंटिना, ब्राझीलमधले सोयाबीन आपल्या कढईत उकळते आहे.

घाण्याचे तेल म्हणजे आपोआप शुद्ध, असेही मानू नये. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या तेलावर निर्बंध आले. शुद्धतेची हमी घाण्याच्या लाकडात नसते. बी कोणाचे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर गाळले की नाही, यात ती असते.

म्हणून पाटी पाहून तेल घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : बी कुठून आणले? ज्यांचे शेत आहे, त्यांनी घरापुरते चार पाटे करडईचे घालावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी कुसुम' हे वाण आहे. काट्यांचा त्रास नको असेल, तर फलटणच्या निंबकर संस्थेचे 'नारी-६' हे बिनकाट्याचे वाणही आहे. शहरातल्या चार घरांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून करडई घ्यावी, तिला रास्त भाव द्यावा आणि ती गाळून आणावी. महाग बाटली मूठभर घरांनाच परवडेल. करडई रानात परतली, तर चांगले तेल साध्या घरातही पोचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)