श्वास मोजण्याची विद्या : जव्हार-मोखाड्यातील तातडीच्या शुश्रूषेचा मागोवा

जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या उतरणीवरील तालुके असून, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाज येथे विखुरलेल्या पाड्यांत राहत असल्याने, अचानक धाप लागलेल्या किंवा हृदय थकलेल्या रुग्णापुढे दवाखान्याचे अंतर हेच पहिले संकट उभे राहत आले आहे. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात गेला. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय संस्थानच्या राजाचे नाव आजही चालवते.

लहान मुलांच्या न्यूमोनियाला, म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन श्वास अपुरा पडण्याच्या आजाराला, लोकभाषेत ‘डबा’ म्हणतात. महाराष्ट्राच्या अनेक आदिवासी भागांत त्यावर पोट डागण्याची, म्हणजे तापलेल्या धातूने चटके देण्याची रूढी होती. तिने मुलाला जखम तर होईच, शिवाय उपचाराचे मोलाचे तासही हातचे जात.

या आजाराची ओळख पाड्यावरच पटवता येते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवले. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, दोन महिन्यांखालील बाळात ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक भरल्यास तो धोका मानावा, अशी आजची खूण आहे; श्वास मोजायला शिकलेल्या गावातील कार्यकर्त्यांनी तेथे प्रतिजैविके दिल्यावर बालमृत्यू घटले, आणि हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच काळात जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषित मुलांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने त्याला न्यूमोनिया होऊनही ताप चढेलच असे नसते, म्हणून अशा मुलाच्या उशाशी बसून श्वास मोजणे आणि छाती आत ओढली जाते का ते पाहणे यांचे मोल दुप्पट ठरते.

हृदयाच्या बाबतीत कोकणाने आणखी एक धडा दिला. तांबड्या विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी रूढ केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. परंतु गोळीनंतर रुग्णाला एकदम उभे राहू न देणे, दम लागल्यास उशीच्या आधाराने अर्धवट बसवणे, प्राणवायू देणे आणि नाडी व रक्तदाब ठरावीक वेळाने पाहत राहणे ही कामे परिचारिकेच्या जागरणावर उभी असतात.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्ती पाड्यावर आणली आणि २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली; तरीही जेथे गाडी पोहोचत नाही तेथून रुग्ण झोळीत घालून आणावा लागतो, आणि गंभीर रुग्णाला पुढे नाशिकला हलवावे लागते. या लांबलेल्या वाटेवर हात बदलत जातात. म्हणून पाड्यावर, उपकेंद्रात आणि खाटेशी वेळेसह लिहिलेला श्वासांचा व नाडीचा आकडा जपलाच पाहिजे, कारण रुग्ण सावरतो आहे की खचतो आहे हे पुढच्या हाताला केवळ त्या मागच्या आकड्याशी ताडूनच कळते.