तार, तराजू आणि मोबाइल : वऱ्हाडातल्या कापसाची गोष्ट

आजचा भाग मी गावाहून रेकॉर्ड करतोय. हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. मधे ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

काल संध्याकाळी मोठेबाबा ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "पाय बरं पोरा, तुह्या मोबाइलमधी आपल्या कापसाचं काय म्हन्ते?" झालंय असं, की 2025च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव होता. मोठेबाबांकडे बटनाचा फोन. म्हणून नोंदणी मी केली, नंबर माझा, ओटीपीही मलाच.

तेव्हा मला दीडशे वर्षांपूर्वीचं खामगाव आठवलं.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव गगनाला भिडले. युद्ध संपलं तसे कोसळलेही. पण कापूस नेण्याची सोय मात्र पक्की होत गेली. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोचली. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. जो भाव कळायला पूर्वी पत्राची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागायची, तो लिव्हरपूलचा भाव आता तारेने वऱ्हाडच्या बाजारात यायला लागला. त्या काळातलं फाइव्ह-जीच म्हणा ना!

पण ती तार वाचणार कोण? व्यापारी. शेतकऱ्याने तर पेरणीलाच सावकाराकडून उचल घेतलेली, बोंड फुटायच्या आधीच कापूस गहाण. त्यातून बैलगाडी भरून बाजारात आलाच, तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. माल त्याचा, आणि भाव त्यालाच दिसायचा नाही. वर मापात मार, कडता वेगळा. तार कितीही वेगवान असो, तराजू जुनाच होता.

तराजूवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, हे सुचायला वेळ लागला. 1886 मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. कारंजा म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातलं. मग 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजारावर देखरेखीला समिती, अडत्या आणि मापाड्याला परवाना. आज आपण जिला बाजार समिती म्हणतो, तिची मुळं इथली, आपल्या वऱ्हाडातली. अर्थात सरकारला मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख माल हवा होता, हेही खरं. तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तार 1870ची, कायदा 1897चा. मधली सत्तावीस वर्षं, म्हणजे शेतकऱ्याची एक अख्खी पिढी.

आता आपल्याकडे या. आधी सातबाऱ्यावर पीक कोणतं, हे तलाठी लिहायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहायचं, फोटो काढायचा, नोंद करायची. मला ही लहान गोष्ट वाटत नाही. तार फक्त वाचायला मिळायची, तीही दुसऱ्याला. इथे पहिल्यांदा लेखणीच शेतकऱ्याच्या हातात आली.

आली का पण?

खरं सांगतो. एका वर्षी मोठेबाबांना मी म्हणालो, "गणपतीत येतो, तेव्हा करून टाकू." आलोच नाही. मुदत गेली. शेतात कपाशी कमरेएवढी आणि सातबारा कोरा! पुढचे हेलपाटे त्यांनी घातले, मी नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणजे खामगावच्या बाजारात तार वाचणारा जो माणूस होता, तो आज आमच्या घरात मीच आहे. नियत चांगली आहे, पण दोर माझ्या हातात आहे.

म्हणून काल मी नुसतं "झालं" म्हणून मोकळा झालो नाही. फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं. मग म्हणाले, "आता कसं, दिसलं बावा!"

तुमच्या घरीही कुणाचा तरी ओटीपी तुमच्या फोनवर येत असेल. या आठवड्यात त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा, आणि बटन त्यांना दाबू द्या.

भेटू पुढच्या भागात. राम राम!